मामांच्या गच्चीवरचं ऊन

सूर्य रोज उगवतो तो आमच्या हिच्या मामांच्या गच्चीवर कामाला हजर होण्यासाठी, आणि बाकीच्या जगाला मिळतो तो त्यातून उरलेला उजेड, अशी मामांची प्रामाणिक समजूत आहे. बुऱ्हाणपुरात ऊन ही काही दुर्मीळ वस्तू नाही. होळी पेटली की आमचं गाव उन्हाला शिव्या द्यायला लागतं, लोक खिशात कांदा घालून फिरतात आणि भर दुपारी शनवारा भागातली दुकानं अर्धी शटरं ओढून आत पेंगत असतात. अशा गावात मे महिन्याच्या दुपारी रस्त्यात मला थांबवून, कपाळावर आडवा हात धरून वर बघत, "काय मस्त धूप पडून राहिली, जावईबापू" असं समाधानानं म्हणणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही. पावसाळ्यात चार दिवस सूर्य दिसला नाही की मामा गैरहजर कामगाराबद्दल बोलावं तसं त्याच्याबद्दल बोलतात. तो परत आला की रागावत नाहीत. "आला बाबा," एवढंच म्हणतात आणि बादली घेऊन गच्चीवर जातात.

हे मामा मूळचे जळगावकडचे. मिसरूड फुटलं तेव्हा इकडच्या कागदकारखान्यात लागले आणि निवृत्त होईपर्यंत तिथल्या बॉयलर हाऊसमध्ये राहिले. कोळसा, राख आणि वाफ यांच्यात आयुष्य काढलेल्या या माणसाचा पांढरा शर्ट मात्र कायम कडक इस्त्रीचा असतो. निवृत्तीनंतर त्यांनी बुऱ्हाणपुरात, गावाबाहेरच्या नव्या कॉलनीत घर बांधलं. कारखान्यातून त्यांनी बाकी काही आणलं नाही, पण शिफ्ट संपताना अहवाल द्यायची सवय तेवढी आणली. वाफेचा दाब कमी पडला तर त्यापुढे कारण लिहावं लागे: कोळसा ओला, पंप बंद, नळी चोंदली. कारण लिहिल्याशिवाय घरी जायचं नाही. आणि कारण खरंच लिहायचं, कारण मामांच्या मते खोटं कारण लिहिणारा माणूस कधी ना कधी बॉयलर फोडतोच. हे ते मला इतक्यांदा सांगून चुकले आहेत की मी कॉलेजात मुलांच्या रजेच्या अर्जांवरची कारणं वाचताना आपोआप दोन पावलं मागे सरकून उभा राहतो.

आता मामांच्या डोक्यात एकामागून एक जी खुळं शिरली ती का शिरली, हे सांगायला काही गूढ नाही. त्यांचा एकुलता एक मुलगा अमोल इंजिनिअर होऊन बंगळुरूला गेला. रविवारी सकाळी त्याचा फोन येई. तो आईशी भरभरून बोले, मग फोन मामांकडे जाई. "काय म्हणतो?" मामा विचारत. "बरंय, पप्पा." "जेवण?" "झालं." "बरं." की मामा फोन ठेवून कडेच्या खिडकीतून बाहेर बघत बसत. आमच्या भागात बाप आणि कमावता मुलगा यांच्यात एवढं संभाषण पुष्कळ झालं असं समजतात, पण मामांना ते पुरत नसे. त्या फोनवर आपल्यालाही विषय हवा, आणि पोरानं घाईत फोन ठेवू नये, एवढीच त्यांची इच्छा. मग अमोल जे काम करील ते मामा शिकू लागले. या वयात, या गावात, आणि आम्हा सगळ्यांना वेठीस धरून.

अमोल पहिल्यांदा एका सौरऊर्जेच्या कंपनीत लागला, म्हणून मामांच्या गच्चीवर पॅनेल चढले. लोखंडी खांबांच्या सांगाड्यावर, दक्षिणेकडची कड छातीएवढी खाली आणि उत्तरेकडची डोक्याच्या वर, अशी ती काळी चकचकीत उतरती. आयुष्यभर कोळसा जाळून वाफ करणारा माणूस आता काहीही न जाळता वीज होताना बघू लागला आणि त्याचं त्याला इतकं नवल वाटलं की पहिले काही दिवस तो मीटरसमोर स्टूल टाकूनच बसला. रोज सकाळी ऊन तापायच्या आत मामा बादली, मऊ फडकं आणि लांब दांड्याचा वायपर घेऊन पॅनेल धुतात. हे स्नान इतक्या भक्तिभावानं चालतं की मी एकदा नैवेद्य काय असतो असं विचारलं होतं. मामांनी ते गंभीरपणे घेतलं. "पाणी क्षाराचं नको, बस," ते म्हणाले.

आणि रोज संध्याकाळी मोबाईलवरच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर अहवाल येतो. ज्या ग्रुपवर इतर लोक फुलांची चित्रं आणि सुविचार पाठवतात तिथे मामा लिहितात: "आज उत्पादन चांगले." किंवा: "आज उत्पादन कमी. कारण: धूळ." "आज उत्पादन कमी. कारण: माकडे." एकदा "कारण: पतंग" असं आलं होतं. त्यावर कोणी अंगठा दाखवतं, कोणी हात जोडतं, बहुतेक जण काहीच करत नाहीत. मामांना त्याचं काही वाटत नाही. ते फक्त अमोलच्या नावापुढे वाचल्याची निळी खूण आली का ते बघतात आणि चष्मा काढून ठेवतात.

पहिल्याच उन्हाळ्यात एक मोठं संकट आलं. ऐन वैशाखात, आभाळ घासूनपुसून ठेवलेलं असताना, रोज दुपारी वीज घसरायला लागली. सकाळी ठीक, तिसऱ्या प्रहरी ठीक, आणि मधल्या सोन्यासारख्या वेळात खड्डा. मामांनी तारा तपासल्या. इन्व्हर्टरच्या कंपनीला फोन करून करून तिथल्या मुलीला इतकं हैराण केलं की तिनं त्यांचा आवाज ऐकताच "नमस्ते अंकल, आज भी?" म्हणायला सुरुवात केली. मग मामा सूर्यावरच्या डागांपर्यंत पोचले. सूर्यात बिघाड आहे हे त्यांनी मला वाचनालयात, सगळ्यांदेखत, खालच्या आवाजात सांगितलं. मामा रोज जेवून वाचनालयात जात आणि उन्हं कलली की परतत, हे लक्षात घ्या. कारण एक दिवस वाचनालय बंद निघालं, मामा अर्ध्या वाटेवरून परतले, गच्चीवर गेले आणि जिन्याच्या वरच्या पायरीवरच उभे राहिले. खालच्या रांगेतल्या सगळ्या पॅनेलवर मामींच्या जुन्या सुती साड्या ताणून बांधल्या होत्या आणि त्यांवर कॉलनीतल्या निम्म्या घरांचे ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पापड, वाळत होते. मामी आणि शेजारणी अमोलच्या जुन्या लोखंडी पलंगावर पॅनेलच्या सावलीत बसून ओले बिबडे खात होत्या.

मामींनी यातलं काही लपवलं नव्हतं, फक्त विचारलं नव्हतं. पॅनेल येण्याआधी त्या गच्चीवर कॉलनीभरचं वाळवण पडत असे. पॅनेल आले आणि खाली सावली झाली. मग बिबडे सावलीतून उचलून उन्हात ठेवावेत आणि ऊन सगळं काचेवर असेल तर काचेवर ठेवावेत, यात मामींना गैर काही दिसलं नाही. मामा सूर्याबद्दल, कंपनीबद्दल, देशाच्या ऊर्जेबद्दल बरंच बोलले. मामींनी पदरानं हात पुसले.

"एवढी तापलेली काच वर पडून राहिली, अन् मी काय खाटा मागत फिरू?" त्या म्हणाल्या. "तुमचा सूर्य बिबडे पण वाळवतो नं? मग काम वाया कुठे गेलं?"

त्या संध्याकाळी अख्ख्या खानदानाला अहवाल गेला: "आज उत्पादन कमी. कारण: ज्वारीचे बिबडे." दुसऱ्या कोणीही बायकोची बाजू सांभाळून धूळ लिहिली असती. मामांनी नाही लिहिली. त्यावर आजवर कधी काही न लिहिणाऱ्या अमोलनं हसणारी चित्रं ओळीनं पाठवली आणि रविवारची वाट न बघता फोन केला. बापलेक बिबड्यांवर इतका वेळ बोलत राहिले की मामींना फोन मिळालाच नाही. पुढे तह झाला. कोपऱ्यातलं एक पॅनेल उन्हाळ्याच्या हंगामात मामींना देण्यात आलं, आणि त्या पॅनेलला मामा अजूनही "गेलेलं" पॅनेल म्हणतात.

मग अमोल रॉकेटचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत गेला आणि मामा जमिनीवरून उठले. हे प्रकरण त्यांना सौरऊर्जेपेक्षा सोपं गेलं, कारण त्यांच्या मते त्यात नवीन काही नव्हतं. "रॉकेट म्हणजे काय हो, जावईबापू? बॉयलरच. फक्त बुड उघडं." या एका वाक्याच्या बळावर त्यांनी दूधवाल्यापासून दाताच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना अंतराळशास्त्र शिकवलं. डॉक्टर बिचारा त्यांच्या तोंडात आरसा घालून बसला होता, तरी मामा बोलतच होते. संध्याकाळी एखादा उपग्रह गावावरून जाणार असला की ते आम्हाला फोन करून गच्चीवर काढत. तो ठिपका असीरगडाकडे सरकत दिसेनासा होईपर्यंत बघायचा आणि मग "वेळेवर गेला" असं म्हणायचं, एवढाच कार्यक्रम. स्टेशनवर नातेवाइकांना पोचवायला गेलेला माणूस गाडी हलल्यावर जसा थोडा वेळ उभा राहतो तसे मामा त्यानंतर उभे राहत.

शाहपूरचं लग्न मात्र आमच्या घराण्यात कोणी विसरणार नाही. हिच्या चुलत बहिणीचं लग्न होतं, आणि नेमकं मुहूर्ताच्या वेळेलाच एक रॉकेट सुटणार होतं. त्या रॉकेटमध्ये अमोलच्या कंपनीचा अंगठ्याएवढा एक व्हॉल्व्ह होता. म्हणजे मामांच्या हिशेबी रॉकेट अमोलचं होतं आणि व्हॉल्व्ह सोडून बाकीचं त्याला गुंडाळलेलं होतं. मामा एका हातात अक्षता आणि एका हातात मोबाईल घेऊन अगदी पुढे उभे राहिले. अंतरपाट धरला गेला. भटजींनी पहिलं मंगलाष्टक उचललं, ते अजून दोन ओळीही पुढे गेलं नव्हतं, तोच मोबाईलमधलं रॉकेट उठलं आणि मामांनी मूठभर अक्षता उधळून जोरजोरात टाळ्या वाजवल्या. लग्नात एकानं टाळ्या वाजवल्या की मागचे लोक का म्हणून विचारत नाहीत. मांडवभर टाळ्या झाल्या. टाळ्या ऐकून बँडवाल्यांनी बँड सुरू केला. बँड ऐकून अंतरपाट धरणाऱ्यांनी तो सोडला आणि नवरा-नवरीनं, समोर हार होतेच, एकमेकांच्या गळ्यात घालून टाकले. भटजी एकटे पुढची ओळ म्हणत राहिले. नंतर मुलीच्या बापानं हात जोडून मामांना विचारलं की आता काय करायचं. मामांचे डोळे अजून मोबाईलमध्येच होते.

"आता काय," ते म्हणाले, "एकदा सुटलं की परत थोडीच घेता येतं?"

भटजींनी उरलेली मंगलाष्टकं हारांसकट उरकली. जोडपं सुखात आहे. त्या रविवारी मामा फोनवर इतकं बोलले की मामींनी चहा पुन्हा गरम केला आणि पुन्हा निवू दिला.

यानंतर अमोलनं आणि त्याच्या दोन मित्रांनी नोकरी सोडून स्वतःची कंपनी काढली. लहान उपग्रहांना अंतराळात इकडून तिकडे सरकवणारं छोटं इंजिन ते करणार होते. मामा त्याला "वरच्या हातगाडीला धक्का देणारा" म्हणत. पण इंजिनाच्या आधी लागतं भांडवल, आणि मामांच्या बोलण्यात आता सीड राउंड, रनवे, पिच असे शब्द यायला लागले. मामींना नवा मिक्सर हवा होता तर मामांनी त्यांना समोर बसवून पिच द्यायला सांगितलं. समस्या काय, उपाय काय, आणि आम्ही तुमच्यातच का गुंतवावं. मामी म्हणाल्या, जुना मिक्सर धूर सोडून राहिला, नवा आणा, नाहीतर उद्यापासून चटणी तुम्ही पाट्यावर वाटा. मिक्सर त्याच संध्याकाळी आला. इतका नेमका पिच आपण आजवर ऐकला नाही असं मामांनी अमोलला कळवलंही.

एक दिवस मला स्कूटरवर मागे बसवून ते फोपनारला घेऊन गेले. हिच्या मावशीचे दीर तिथे केळीचे मोठे बागायतदार आहेत. त्यांच्यात मामांना गुंतवणूकदार दिसला होता. केळीच्या गर्द बागेत, ठिबकच्या नळ्या ओलांडत, मामांनी त्यांना अंतराळाचं सगळं अर्थकारण समजावलं. पाहुण्यांनी फार लक्ष देऊन ऐकलं. मध्येच एक झाड कललेलं बघून त्याला टेकू लावला. मग शेतकरी जे विचारील तेच विचारलं.

"माल कधी निघीन?"

"टाइम लागेल. आधी टेस्टिंग, मग वर पाठवायचं."

"अन् मधात वादळ आलं तं?" केळीवाल्याला झोपेतही वादळच दिसतं.

"वर वादळ नसतं," मामा म्हणाले. "हवाच नसते."

पाहुणे थोडा वेळ पानांच्या फटीतून वर बघत राहिले. "मग जागा चांगली आहे," ते म्हणाले. गुंतवणूक काही त्यांनी केली नाही, पण निघताना केळीचा एक भलामोठा घड स्कूटरच्या पुढच्या बाजूला बांधून दिला आणि परत येईपर्यंत मामांना समोरचं काही दिसत नव्हतं. त्या रविवारी अमोलला सांगण्यात आलं की फोपनारला एका गुंतवणूकदारानं रस दाखवला आहे, सुरुवात वस्तुरूपानं झाली आहे. फोन स्पीकरवर होता, अमोल हसला. मला तेव्हा असं वाटलं की तो आधीपेक्षा थोडा कमी हसला.

तिकडे काही चांगलं चाललेलं नव्हतं. पैसे लावणारे हात आखडून बसले होते. त्याला त्या लोकांच्यात फंडिंगचा हिवाळा म्हणतात असं अमोलनं सांगितलं, तेव्हापासून भर मे महिन्यात, अंगाला घामाच्या धारा लागलेल्या असताना, कोणी मुलाची चौकशी केली की मामा म्हणत, "तिकडे सध्या थंडी आहे." मग एका रविवारी अमोल म्हणाला की त्यानं फ्लॅट सोडला, आता एका खोलीत राहतो, एका बॅगेत मावेल एवढंच सामान ठेवलंय, जाणूनबुजून, आणि फार हलकं वाटतं. ते ऐकून ही मला म्हणाली की पोराकडचे पैसे संपले. मामींनी फक्त "जेवतो का ते विचारा" एवढंच सांगितलं. मामा मात्र दुसऱ्या दिवसापासून जाणूनबुजून जगायला लागले.

त्यांनी घरातल्या एकेका वस्तूसमोर उभं राहून तिची नितांत गरज आहे का, असं मोठ्यानं विचारायला सुरुवात केली. वस्तू उत्तर देत नसत, मामी देत. तरीही मामींच्या डोळ्यांआड बरंच सामान बाहेर गेलं. ते टाकून द्यायचा मामांना धीर नव्हता, म्हणून त्यांनी ते नातेवाइकांकडे पोचतं केलं. आमच्या शनवाऱ्यातल्या दोन खोल्यांत त्यांची आरामखुर्ची, पितळी बंब आणि एक बंद पडलेला रेडिओ आला. त्यामुळे मामांचं घर हलकं झालं आणि आमचं जड. पुढे पुढे मामा रोज संध्याकाळी आमच्याकडे येऊ लागले. त्या आरामखुर्चीत रेलून, हातात चहाचा कप घेऊन, ते मला सांगत की ही खुर्ची सोडल्यापासून जिवाला कशी शांतता आहे. मी पलंगाच्या कडेवर बसून ते ऐकत असे, कारण दुसरी खुर्ची ठेवायला आता जागा नव्हती.

एक वस्तू मात्र त्यांनी कोणाला दिली नाही. गच्चीवर पॅनेलखाली पडलेला अमोलचा लोखंडी पलंग. तो शाळेत असताना याच पलंगावर वाचत वाचत झोपून जायचा. हिनं तो मागितला, आमच्याकडे पाहुण्यांना होईल म्हणून. मामा म्हणाले की तांत्रिक कारणासाठी तो हलवता येणार नाही, पॅनेलच्या खालून पाहणी करावी लागते. या पाहणीसाठी त्यावर गादी आणि धुतलेली चादर कशाला, हे मी विचारलं नाही. मी मामांची थट्टा सगळ्या विषयांवर करतो, पण मलाही थोडं कळतं.

मग रविवारचे फोन थांबले. एक रविवार गेला, दुसरा गेला. मामी फोन करत तो अमोल उचलत नसे, "नंतर करतो" असं लिहून पाठवी आणि करत नसे. मामा त्या काळात आमच्याकडे आले की खुर्चीत नुसते बसत आणि वाजत नसलेल्या रेडिओची बटणं फिरवत. पण अहवाल एक दिवसही चुकला नाही. उलट लांबत गेला. "आज उत्पादन कमी. कारण: धूळ. वारा फोपनारकडून, पण केळी पडली नाही. आईचे गुडघे बरे आहेत." "आज उत्पादन चांगले. बिबडे झाले, डबा भरून ठेवला आहे. पलंगाखाली मांजरीने पिल्ले दिली, ती हलवली." नातेवाइकांपैकी काहींनी मला खासगीत विचारलं की मामांची तब्येत बरी आहे ना. मी म्हटलं बरी आहे. अमोलचं उत्तर कधी येत नसे, पण त्याच्या नावापुढे निळी खूण मात्र त्याच मिनिटाला येत असे. मामा ती बघत आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत. एवढा माणूस, रॉकेटचं बुड उघडं असतं हे सगळ्या बुऱ्हाणपूरला समजावून सांगणारा, आणि पोराला "घरी ये" हे दोन शब्द त्याला लिहिता येत नव्हते. मला त्याचा राग येई आणि तितकीच मायाही वाटे.

या वैशाखात एका पहाटेच्या गाडीनं, कोणाला न कळवता, अमोल आला. एक बॅग. कंपनी बंद झाली होती. हे मामींनी हिला फोनवर सांगितलं आणि हेही सांगितलं की तो आल्यापासून कोणाशी बोललेला नाही, आईच्या पाया पडला, चहा प्यायला आणि वर जाऊन झोपला तो झोपलाय. ग्रुपवर तोपर्यंत बातमी पोचली होती. स्टेशनवर कोणीतरी त्याला पाहिलं होतं. "अमोल आलाय म्हणे? सुट्टी का?" "कंपनीचं कसं चाललंय?" "एकदा सविस्तर कळवा." आपल्या लोकांची चौकशी प्रेमाचीच असते, पण ती सगळी एकदम आली की माणसाला तोंड लपवावंसं वाटतं. हिनं मला गरम मावा जिलेबी घेऊन ताबडतोब मामांकडे पिटाळलं.

मी गेलो तेव्हा उन्हं चांगली वर आली होती. गच्चीच्या जिन्यात, वरच्या पायरीवर, मामा बसले होते. शेजारी भरलेली बादली, तिच्या काठावर कोरडं फडकं नुसतं ठेवलेलं, वायपर भिंतीला टेकवलेला. रोज या वेळेला पॅनेल धुऊन चकचकीत झालेले असतात, आज त्यांवर कालची धूळ जशीच्या तशी होती. मामींचं कोपऱ्यातलं पॅनेलही रिकामं होतं. बिबड्यांची साडी घडी करून जिन्यात ठेवली होती. मी बोलायला तोंड उघडलं तर मामांनी हात वर केला.

"हळू," ते म्हणाले. "झोपलाय. धुतलं तर पाणी खाली टपकतं."

मी वाकून बघितलं. पॅनेलच्या सावलीत, पलंगावर, बॅग पोटाशी धरून अमोल कुशीवर झोपला होता. ऊन चढेल तशी सावली सरकत असावी, कारण पलंगाच्या पायाखाली तो ओढल्याच्या ताज्या रेघा होत्या. झोपलेल्या माणसासकट तो पलंग मामांनी एकट्यानं कसा ओढला देव जाणे. मी जिलेबीचा पुडा खाली ठेवून त्यांच्या शेजारी बसलो आणि हळूच विचारलं की काही बोलणं झालं का. इतके महिने त्यांनी त्या फोनसाठी विषय जमवले होते, इंजिन, भांडवल, उपग्रह, आणि आता पोरगा दहा हातांवर होता.

मामांनी मान हलवली. "बॉयलर बंद पडला की लगेच उघडत नसतात, जावईबापू," ते म्हणाले. "आधी थंड होऊ द्यावा लागतो. घाई करणारा स्वतः पण भाजतो अन् मशीन पण खराब करतो."

खाली मामी पाट्यावर चटणी वाटत होत्या. मिक्सर असून. आवाज होईल म्हणून.

संध्याकाळी घरी मी कॉलेजचे पेपर तपासत होतो आणि ही मोबाईल घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. ग्रुपवरच्या त्या सगळ्या प्रश्नांच्या खाली, त्यांतल्या एकालाही उत्तर न देता, नेहमीच्या वेळेला मामांचा अहवाल आला होता.

"आज उत्पादन कमी. कारण: ढगाळ हवामान."

मी गॅलरीत गेलो. दिवसभर भाजून निघालेल्या बुऱ्हाणपुरावर टोकापासून टोकापर्यंत निळंशार आभाळ पसरलं होतं. असीरगडाच्या बाजूला, ताप्तीच्या बाजूला, कुठेही नावालासुद्धा ढग नव्हता. खोटं कारण न लिहिणारा, बायकोचे बिबडे अख्ख्या खानदानासमोर मांडणारा माणूस सगळ्या नातेवाइकांना धडधडीत खोटं सांगत होता, आणि इतकी वर्षं त्यांची चेष्टा करायला टपून बसलेल्या मला अशी आयती संधी पुन्हा मिळाली नसती. ग्रुपवर कोणी काही लिहीत नव्हतं. आमचे बरेच नातेवाईक बुऱ्हाणपुरातच राहतात, त्यांनाही खिडक्या आहेत.

मी हिच्या हातून मोबाईल घेतला आणि लिहिलं, "शनवाऱ्यातही सकाळपासून ढग आहेत."

थोड्या वेळानं शाहपूरहून, ज्यांच्या मुलीचं लग्न मामांनी मुहूर्ताआधी लावून दिलं होतं त्यांचा निरोप आला. इकडेही ऊन नाही, त्यांनी लिहिलं होतं.